करारांचे गद्य आणि उल्हासनगरचा वाचक

दोन राष्ट्रांमधला करारनामा हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे कुणी विचारले तर आपल्याकडील बहुतेक टीकाकार हसून मान फिरवतील. बखरी वाचाव्यात, ताम्रपट वाचावेत, फार तर शाहिरांचे पोवाडे वाचावेत. करारनामा मात्र मुत्सद्द्यांनी लिहावा आणि मुत्सद्द्यांनीच वाचावा, अशी आपल्याकडे न बोलता ठरलेली वाटणी आहे. मला ती मान्य नाही. करार म्हणजे अखेर वाक्येच. त्या वाक्यांना कर्ता असतो, क्रियापद असते, आणि बऱ्याचदा कर्ता लपवण्याची कलाही असते. आणि कुठल्याही वाक्याला असतो तसा त्यांनाही वाचक असतो. तो परराष्ट्र खात्यातला अधिकारी नव्हे. ज्याचे घर, दुकान, कुलदैवत आणि थोरला भाऊ रेषेच्या पलीकडे राहिला, तो माणूस हा त्यांचा खरा वाचक. असा वाचक आपल्या महाराष्ट्रात शोधायचा झाल्यास फार लांब जावे लागत नाही. कल्याणच्या पुढे विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. लोकलने हे अंतर अर्ध्या तासाच्या आतले आहे.

हे म्हणणे धाडसाचे वाटेल म्हणून आधी वाचकाची ओळख करून देतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. ६ हजार सैनिक आणि ३० हजार इतर लोक मावतील एवढी. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी राहिल्या. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर घर सोडावे की नाही अशा विचारात असलेल्या हिंदू सिंध्यांनी गाठोडी बांधली. पुष्कळसे लोक आगबोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरले. त्यांतल्या सुमारे ९४ हजारांना कल्याणच्या या छावणीत आणून ठेवण्यात आले. बराकीच्या लांबलचक दालनांत गोणपाटांचे पडदे लावून संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळाले. निर्वासितांच्या गावाला उल्हास हे नाव मिळावे यात सरकारी विनोद नव्हता, तो नदीचा योगायोग होता. पण गावातले लोक आजही पत्ता सांगताना कँप एक, कँप दोन, कँप पाच असाच सांगतात. छावणी हा शब्द त्यांनी सोडलेला नाही.

आता या वाचकाच्या हातात पहिला मजकूर देऊ. ८ एप्रिल १९५० चा नेहरू-लियाकत करार. हिंदुस्थान आणि पाकिस्तान यांच्यात अल्पसंख्याकांविषयी झालेला हा पहिला मोठा लेख. त्याचा पहिला भाग उदात्त आहे. धर्माचा विचार न करता नागरिकत्वाची संपूर्ण समता, जीवित, संस्कृती, मालमत्ता आणि वैयक्तिक अब्रू यांबाबत सुरक्षिततेची भावना, देशात कोठेही फिरण्याचे, व्यवसायाचे, भाषणाचे आणि उपासनेचे स्वातंत्र्य, हे सगळे तेथे आहे. वाचताना ऊर भरून यावा असे हे गद्य. परंतु टीकाकाराने ऊर भरू देऊन चालत नाही. त्याने पुढचे पान उलटावे. पुढच्या पानावर करार एकदम वेगळ्या आवाजात बोलू लागतो. निर्वासिताला आपले हवे तेवढे घरसामान नेता येईल, दागिनेही नेता येतील. रोख रक्कम मात्र प्रौढाला १५० रुपये आणि मुलाला ७५ रुपये. स्थावर मालमत्तेवरचा त्याचा हक्क अबाधित राहील, आणि ३१ डिसेंबर १९५० पर्यंत तो परतला तर त्याची जमीन किंवा घर त्याला परत मिळेल. हे गद्य कोरडे आहे, पण मला तेच अस्सल वाटते. माणसाच्या कनवटीला किती रुपये आहेत याची ज्या गद्याने चौकशी केली, त्याने त्या माणसाला निदान पाहिले तरी आहे.

पण हे दुसरे पान कुणासाठी? पूर्व बंगाल, पश्चिम बंगाल, आसाम आणि त्रिपुरा येथल्या निर्वासितांसाठी. सिंधचे नाव त्यात नाही. नुकत्याच दंगली झाल्या त्या प्रांतांपुरतेच ते लिहिले होते, हे खरे. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी यांनी त्या सुमारास मंत्रिमंडळ सोडले. त्यांच्या रागाचा विषयही बंगालच होता. उल्हासनगरच्या बराकीतल्या वाचकाच्या वाट्याला पहिले, उदात्त पान आले. रुपयांचे, जमिनीचे आणि तारखेचे पान आले नाही. त्याच्या मालमत्तेचा हिशेब पुढे १९५४ च्या भरपाईच्या कायद्याखाली, क्लेमच्या कागदांवर, आपल्याच सरकारशी झाला. शेजाऱ्याशी त्याचा व्यवहार तेथेच संपला.

या एका उदाहरणावरून मी एक कसोटी मनाशी धरली आहे. ती काही मोठी तात्त्विक नाही. शेजारधर्माचा दावा सांगणाऱ्या कोणत्याही मजकुरात कोण, कुणासाठी, किती आणि केव्हापर्यंत, हे चार प्रश्न विचारावेत. आपल्या चाळींत शेजारणीकडून वाटीभर साखर आली तर वाटी रिकामी परत पाठवत नाहीत. हा संकेत कुणी लिहून ठेवलेला नाही; पण त्यात वाटी आहे, साखर आहे, आणि वाटी परत करायची मुदतही आहे. शेजारधर्माच्या राजकीय वाङ्मयात नेमकी वाटी दिसत नाही.

पंचशील घ्या. या पाच तत्त्वांवर आपल्याकडे जेवढी व्याख्याने झाली तेवढी क्वचितच कशावर झाली असतील. पण मूळ लेख फार थोड्यांनी वाचलेला असतो. २९ एप्रिल १९५४ चा तो करार तिबेटशी व्यापार आणि दळणवळण यांविषयीचा आहे. पाच तत्त्वे त्याच्या प्रस्तावनेत येतात, आणि आत आहेत व्यापारी पेठा, खिंडी, यात्रेकरूंचे मार्ग. कराराची मुदत आठ वर्षांची होती. जून १९६२ मध्ये ती संपली, कुणी वाढवली नाही, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युद्ध पेटले. जगभर गाजली ती प्रस्तावना. कैलास-मानसरोवरच्या यात्रेकरूचे कलम आणि मुदतीचे कलम या दोन्ही गोष्टी वक्त्यांना कंटाळवाण्या वाटल्या असाव्यात.

याच्या उलट टोकाला १९६० चा सिंधू जलकरार आहे. १९ सप्टेंबरला कराचीत त्यावर सह्या झाल्या. नेहरू, अयुबखान आणि जागतिक बँकेचे प्रतिनिधी यांच्या. कराचीत, म्हणजे उल्हासनगरच्या कित्येक कुटुंबांनी बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या शहरात. मी हा करार वाङ्मयीन दृष्टीने या सगळ्या वर्गातला श्रेष्ठ मानतो, आणि हे मी गंमत म्हणून म्हणत नाही. सदिच्छा आणि मैत्री हे शब्द प्रस्तावनेत आहेत, पण तेथून पुढे लेखकाने त्यांच्यावर जणू काडीचाही विश्वास ठेवलेला नाही. बारा कलमे आणि आठ परिशिष्टे. रावी, बियास, सतलज या पूर्वेकडच्या तीन नद्या हिंदुस्थानच्या. सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडच्या तीन नद्यांचे पाणी मुख्यतः पाकिस्तानचे. पलीकडच्या कालव्यांच्या कामासाठी हिंदुस्थानने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा वार्षिक हप्त्यांनी द्यायचे. दोन्ही देशांचा एकेक आयुक्त, त्यांचा एक कायम आयोग, वर्षातून निदान एक बैठक, आळीपाळीने इकडे आणि तिकडे. शेजारी चांगला निघेल असे गृहीत न धरता, तो वाईट निघाला तरी पाणी वाहिले पाहिजे, या बेताने लिहिलेले हे गद्य आहे. म्हणूनच १९६५ चे युद्ध चालू असतानाही हप्ता चुकला नाही, १९७१ मध्ये करार मोडला नाही, कारगिलच्या वर्षीही मोडला नाही. एखादी कविता पासष्ट वर्षे टिकली तर आपण तिला अभिजात म्हणतो. पासष्टाव्या वर्षी, पहलगामच्या हत्याकांडानंतर, २३ एप्रिल २०२५ ला हिंदुस्थानने हा करार स्थगित केला. स्थगित करण्यामागची कारणे येथे तपासत नाही. तो राजकारणाचा भाग आहे, आणि निरपराध पर्यटकांच्या रक्ताविषयी कोरडेपणाने बोलणे मला जमणार नाही. मजकुराचा वाचक म्हणून एवढेच नोंदवतो, की या करारात बाहेर पडण्याचे एकतर्फी कलम मुळात लिहिलेलेच नव्हते. दोघांच्या संमतीने नवा करार होईपर्यंत जुना चालू राहावा, असे त्याचे शेवटचे कलम आहे.

आणि तरीही या श्रेष्ठ गद्यात माणूस नाही. नदी आहे, दार आहे, क्युसेक आहेत. सिंधूच्या नावावरून ज्यांचे नाव पडले ते सिंधी लोक त्यात नाहीत. ते नदी सोडून आले आहेत. झुलेलाल हे त्यांचे दैवत पाण्याचे आहे. चाळीस दिवसांचे चालिहा व्रत झाले की बहराणा पाण्यात सोडायचा असतो, आणि तो उल्हासनगरात कुठल्या पाण्यात सोडायचा? वालधुनीच्या? वालधुनी अंबरनाथच्या बाजूने येते. १०६० साली, म्हणजे शके ९८२ मध्ये, शिलाहार मम्मुणीच्या काळात पुरे झालेले शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. तेथून ती उल्हासनगरातून जाते आणि पुढे उल्हासला मिळते. तिचा आणि उल्हासचा रंग काय झाला आहे, हे रेल्वेच्या खिडकीतून कुणालाही दिसते. प्रदूषणाचे दावे हरित न्यायाधिकरणापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विषयांतर होते आहे, पण ते टाळवत नाही. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ही तीन गावे एकाच पाण्यावर जगतात. बदलापूर आणि अंबरनाथ १९८३ पासून १९९२ पर्यंत कल्याणच्या महापालिकेत होती, मग वेगळ्या नगरपालिका झाल्या; उल्हासनगरची महापालिका त्यांच्या मध्ये. वरच्या अंगाच्या गावाने खालच्या अंगाच्या गावाचे काय देणे लागावे, यासाठी त्यांच्यात आयुक्त नाहीत, वर्षातून एक बैठक नाही, परिशिष्टे नाहीत. न्यायालय आहे. जुलै २०१९ च्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या आसपास प्रवासी होड्यांनी बाहेर काढावे लागले, तेव्हा काठावरच्या गावकऱ्यांनी मदतीला धाव घेतली. दोन सार्वभौम शत्रूंनी नदीसाठी जेवढे लिहून घेतले, तेवढे तीन मराठी नगरपालिकांनी आपापसांत लिहून घेतलेले नाही, ही गोष्ट परराष्ट्र धोरणावर व्याख्यान देणाऱ्याने एकदा लोकलमध्ये बसून पाहावी.

सार्कच्या सनदेविषयी फार लिहावेसे वाटत नाही. ८ डिसेंबर १९८५ ला ढाक्यात सात देशांनी ती स्वीकारली. तिच्या दहाव्या कलमात दोन गोष्टी आहेत: सर्व निर्णय एकमताने व्हावेत, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेत घेऊ नयेत. म्हणजे शेजाऱ्यांची बैठक भरवायची, पण कुंपणाविषयी बोलायचे नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला शिखर परिषद झाली. २०१६ ची इस्लामाबादची व्हायची होती ती झाली नाही, आणि त्यानंतर आजवर एकही झालेली नाही. १९९६ च्या गुजराल सिद्धांताला मात्र थोडे थांबावे लागेल. शेजाऱ्याकडून परतफेडीची अपेक्षा न धरता द्यावे, असे त्याचे पहिले तत्त्व. भरली वाटी पाठवावी आणि ती कशी परत येते हे पाहत बसू नये! आपल्या परराष्ट्र वाङ्मयात एवढे घरगुती वाक्य मला दुसरीकडे सापडले नाही. त्याच वर्षी १२ डिसेंबरला बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा करार झाला, तेव्हा हे वाक्य केवळ व्याख्यानापुरते नव्हते. पण त्या तत्त्वात गुजरालांनी पाच देशांची नावे घेतली: नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव, श्रीलंका. पाकिस्तान त्या यादीत नाही. गुजराल स्वतः झेलमचे. फाळणीत घर सोडून आलेले. ज्या शेजाऱ्याचे अंगण त्यांना पाठ होते, त्याचेच नाव त्यांच्या उदार वाक्यात बसले नाही. मी याला दोष म्हणत नाही. १९९६ मध्ये ते नाव घालून त्या वाक्याचा काही उपयोग झाला असता असेही मला वाटत नाही. पण उल्हासनगरच्या वाचकाला पुन्हा एकदा आपले नाव गाळलेले पान वाचावे लागले, हे खरे.

ज्या पानावर त्याचे नाव होते असे एक पान मला ठाऊक आहे, आणि या सगळ्या वाचनात मला अस्वस्थ करणारे तेच आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी नवा व्हिसा करार केला. त्यात पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना अटारी-वाघा येथे पोहोचल्यावर तेथेच पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा द्यावा असे कलम होते. १५ जानेवारी २०१३ पासून ते अमलात यायचे होते. हिशेब करून पाहा: ऑगस्ट १९४७ पूर्वी सिंधमध्ये जन्मलेला प्रत्येक हयात निर्वासित त्या दिवशी पासष्टाच्या पुढे होता. कलम लिहिणाऱ्याने फाळणीचा उच्चार केला नव्हता, भावनेचा एक शब्द वापरला नव्हता. केवळ एक आकडा घातला होता, आणि त्या एका आकड्यात एक अख्खी पिढी नेमकी बसत होती. याला मी उत्तम गद्य म्हणतो. त्याच महिन्यात काश्मीरच्या नियंत्रण रेषेवर आपल्या जवानांची हत्या झाली, आणि ज्या दिवशी ही सोय सुरू व्हायची त्याच दिवशी ती थांबवण्यात आली.

रेल्वेचेही तेच. जोधपूरहून मुनाबाव, खोक्रापार करत सिंधमधल्या हैदराबादला गाडी जाई. १९६५ च्या युद्धात ती बंद झाली. १८ फेब्रुवारी २००६ ला थर एक्स्प्रेस म्हणून पुन्हा धावली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. कराचीतली आपली वकिलात १९९४ मध्येच बंद झाली होती. मे २०२५ मध्ये टपालही बंद झाले. त्यातल्या त्यात टिकाऊ निघाला तो १९७४ चा तीर्थयात्रांचा करार; त्यात गद्य जवळजवळ नाहीच, दोन्हीकडच्या तीर्थस्थानांची नुसती यादी आहे, आणि त्या यादीत सिंधच्या हयात पिताफीचा शदाणी दरबार आहे. यादी हा वाङ्मयप्रकार आपण फार हलका मानतो.

करारांच्या या पानांत जो माणूस सापडत नाही तो फाळणीनंतरच्या सिंधी साहित्यात सापडतो, हे कुणालाही अपेक्षित असेल. पण तेथेही समीक्षकाने सरसकट डोळे पुसू नयेत. या साहित्यात हरवलेल्या अंगणाची, खजुरांची, सिंधूच्या पुराची आठवण इतकी वारंवार येते की काही काळाने ती आठवण न राहता अलंकार होते. बराकीतला चिखल, पाण्याच्या नळावरची रांग, पापडाचा धंदा, कापडाची फेरी, हे साहित्य जेव्हा या गोष्टींकडे वळते तेव्हा ते एकदम ताठ होते. सुंदरी उत्तमचंदाणी यांची ‘भूरी’ ही कथा मला त्यामुळेच मोठी वाटते. जिच्या रूपाची ख्याती होती ती स्त्री फाळणीनंतर कष्टाने रापलेली दिसते, आणि लेखिका तिच्यावर कीव करायचे नाकारते. मोहन कल्पना हे सिंधूकाठच्या कोटरीला १९३० मध्ये जन्मलेले आणि उल्हासनगरात आयुष्य काढलेले लेखक. ‘उहा शाम’साठी १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच भूक, प्रेम आणि साहित्य हे तीन शब्द शेजारी बसले आहेत, आणि भूक पहिली आहे.

परंतु शेजारधर्माच्या प्रश्नाला थेट भिडणारी कृती या किनाऱ्यावर लिहिली गेली नाही. ती पलीकडे, शिकारपूरच्या शेख अयाझांनी लिहिली. १९६५ च्या युद्धाच्या धामधुमीत त्यांनी एक कविता केली. तिच्यात शत्रूच्या फळीत त्यांना दिसतो तो दिल्लीत राहणारा सिंधी कवी नारायण श्याम. आणि ज्याची बोली व शब्द आपलेच आहेत त्याच्यावर शस्त्र रोखण्याची कल्पना त्यांना पेलत नाही. अयाझांना देशद्रोही म्हटले गेले, तुरुंगात जावे लागले. मी हिला युद्धविरोधी कविता म्हणण्याचे टाळतो. युद्धविरोधी कविता सर्व माणसे एक आहेत असे सांगतात, आणि असे सांगणे कुणालाच महाग पडत नाही. अयाझांनी एका विशिष्ट माणसाचे नाव घेतले. कोण, कुणासाठी, हे माझे पहिले दोन प्रश्न. त्यांची उत्तरे या कवितेत आहेत. पंचशीलाच्या प्रस्तावनेत ती नव्हती. करार करणाऱ्यांना नावे घालता येत नाहीत हे मला कळते. पण पासष्टचा आकडा घालता येतो, हे २०१२ मध्ये दिसले.

अयाझांची कविता नारायण श्यामांना वाचता आली ती लिपीमुळे. सिंधीची बावन्न अक्षरांची अरबी धाटणीची लिपी १८५३ मध्ये इंग्रज सरकारने ठरवली. फाळणीनंतर इकडच्या सिंध्यांमध्ये अरबी की देवनागरी असा कडाक्याचा वाद झाला आणि अखेर दोन्ही मान्य झाल्या. १० एप्रिल १९६७ ला सिंधी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. देवनागरीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे व्यवहाराचे होते, मुलांना हिंदी-मराठी शिकायचेच आहे. अरबीच्या बाजूचे म्हणणे असे, की लिपी सोडली तर सिंधच्या पुस्तकांशी संबंध तुटेल. दोघेही बरोबर होते. आज उल्हासनगरच्या तरुणाला बहुधा यांतली एकही लिपी सिंधीसाठी वाचता येत नाही. तो सिंधी बोलतो आणि हिंदी वा इंग्रजी वाचतो. टपाल सुरू झाले तरी त्याच्या आजोबांच्या गावाहून आलेले पत्र त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागेल.

आणि आपण मराठी वाचक? १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातली मुले मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत, आणि हा क्रम सिंधचे स्वतःचे विद्यापीठ १९४७ मध्ये होईपर्यंत चालला. कराचीतली १८५५ ची पहिली सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते. सिंधच्या शिक्षणखात्यातले ते अधिकारी. सिंधी व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीला वळण लावून ती शाळेत आणण्याचे काम १८६८ मध्ये मुंबई सरकारने त्यांच्याकडे दिले होते. कराचीतली मराठी कुटुंबे फाळणीनंतरही पूर्णपणे उठली नाहीत. तेथे गणपती बसतो. एवढा जुना संबंध असताना, एक अख्खे सिंधी शहर आपल्या ठाणे जिल्ह्यात येऊन वसल्यावर मराठी साहित्याने त्याचे काय केले? मराठीतल्या कथा-कादंबऱ्यांत सिंधी माणूस माझ्या वाचनात आला तो बहुतेक वेळा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला, तोडके मराठी बोलणारा, दोन ओळींत येऊन जाणारा. उल्हासनगरावर मराठी जनांनी रचलेली सर्वांत लोकप्रिय कृती म्हणजे एक विनोद आहे: तेथल्या मालावर मेड इन यू. एस. ए. असे लिहितात, आणि त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विनोद वाईट नाही. तो सिंधी लोकही सांगतात, आणि आपल्यापेक्षा चांगला सांगतात. पण सात दशकांच्या शेजाराचे वाङ्मयीन उत्पन्न म्हणून तो फार तुटपुंजा आहे. राष्ट्रगीतातला ‘सिंध’ हा शब्द काढावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २००५ मध्ये फेटाळली गेली. तो शब्द ठेवण्याच्या बाजूने त्या वेळी मराठी साहित्यिकांपैकी कुणी ठळकपणे बोलल्याचे मला आठवत नाही.

यावर कुणी म्हणेल की साहित्याकडून परराष्ट्र धोरण चालवण्याची अपेक्षा करू नये. मान्य. फडके-खांडेकरांच्या काळापासून हा वाद आपण एवढा घोळवला आहे की त्यात आता रस राहिलेला नाही. माझी अपेक्षा त्याहून लहान आहे. कल्याणपासून बदलापूरपर्यंत मराठी वाचनालये आहेत, व्याख्यानमाला आहेत, आणि त्यांत ‘भारत आणि शेजारी राष्ट्रे’ हा विषय दर दोन वर्षांनी येतोच. वक्ता पंचशीलापासून सुरू करतो आणि सार्कवर संपवतो. पुढच्या वेळी त्याने कँप पाचमधल्या एखाद्या ऐंशी वर्षांच्या माणसाला व्यासपीठावर बसवावे आणि २०१२ च्या कराराचे ते एक कलम त्याच्यासमोर वाचावे. वाचनालयाच्या चिटणिसांनी सिंधी कथांचे एक कपाट करावे. अनुवाद थोडे आहेत, पण देवनागरीत छापलेली सिंधी पुस्तके मराठी माणसाला जवळजवळ तशीच वाचता येतात. ग, ज, ड, ब या चार अक्षरांखाली एक आडवी रेघ असते, ती श्वास आत ओढून म्हणायच्या उच्चारांसाठी. तेवढी चार अक्षरे उल्हासनगरच्या कुठल्याही दुकानदाराकडून दहा मिनिटांत शिकून घेता येतात. कापड मोजता मोजता तो शिकवील.